चालू हाय का

रॉकेलचं इंजिन गेलं तेव्हा कुणी रडलं नाही.
खलीलभाईंनी हेड उघडलं, चिरेत नख घातलं,
म्हणाले, सटवाजीमामा, हे आता भंगारात, नाहीतर देवघरात.
अण्णांनी ते घरी आणलं आणि
शेळीच्या खुंट्याजवळ टेकवून ठेवलं.
शेळी त्याला अंग घासायची.

तसं शीड होतंच आमचं.
बांबूला शिवलेला फ्लेक्स, त्यावर कुणाचा तरी वाढदिवस,
गॉगलवाला चेहरा अर्धा दुमडलेला,
खाली सतरा शुभेच्छुक, उन्हानं पांढरे पडलेले.
वारा पाठीशी असला की सतराही जण
पोट फुगवून आम्हाला ढकलायचे.
परतताना सगळे मान टाकून.
दुपारनंतर नाथसागरावर वारा समोरून येतो
आणि वल्ह्यानं अकरा किलोमीटर
हे अण्णांचं वय राहिलं नव्हतं.

अण्णांना डिझेल पाहिजे होतं.
ढोरकीनच्या एका विहिरीवरचं, पाच हॉर्सपॉवर, जुनं.
"बैलासारखं ओढतंय. डबा ओतला की झालं.
तुझ्या बॅटरीला मधी पाण्यात कोण चारणार?"

मी आयटीआयची. वायरमन ट्रेड, बावीस पोरांत एकटी.
उलटलेल्या ई-रिक्षाची मोटर, चार बॅटऱ्या,
आणि वहीच्या पानावर हिशेब:
अर्ध्या वेगानं तीन तास,
पूर्ण वेगानं एक, फार तर सव्वा,
वारा असेल तेव्हा काहीच नाही, काहीच खर्च नाही.
अण्णांनी पान उलटून पाहिलं.
मागं हिशेब नव्हता.

मी जिंकले नाही. वजन जिंकलं.
डिझेल चढवलं तर नावेचं ढुंगण पाण्यात, नाक आभाळात,
काठावरची पोरं हसली,
अण्णाही हसले, मग गप्प झाले.
बॅटऱ्याही जडच,
पण त्या वेगवेगळ्या ठेवता येतात,
एक नाकाशी, दोन मधे, एक मागं,
लेकी चार गावांना दिल्यासारख्या.

जुन्या धुराड्याचं भोक मी डांबरानं बुजवलं.
फळीत मुरलेलं तेल काही निघालं नाही.
अजून ऊन तापलं की ती जागा घाम सोडते.

पहिल्या दिवशी जाळी काढून निघालो.
शीड उतरवलं, सतरा जणांची गुंडाळी केली,
खटका दाबला.
नाव निघाली,
कुणी न सांगता उठून गेल्यासारखी.
मला बगळ्याचे पंख ऐकू आले,
डब्यातल्या मरळीची शेपटी,
वायरवरून ओघळणारं पाणी.

"चालू हाय का?" अण्णांनी विचारलं.
हाय.
थोड्या वेळानं पुन्हा.
हाय, अण्णा.
तिसऱ्यांदा मी चिडून वळले
तर त्यांनी तळवा मागच्या फळीवर ठेवलेला,
वैद्यासारखा, डोळे मिटून.
बावीस वर्षं त्या इंजिनाशेजारी बसून
कान कधीच गेलेले.
ते ऐकत होते हाडांनी.
आणि हाडांना आता काही सांगायला नव्हतं.

काठावर आई नव्हती.
चूल थंड. "आलाव कवा? चाहूलच न्हाई."
तिनं पीठ घेतलं परातीत, जरा रागानंच.
एवढी वर्षं फटफट ऐकूनच ती तवा ठेवायची
हे मला कोणी सांगितलं नव्हतं,
आणि ते हिशेबाच्या पानावरही नव्हतं.

रात्री बाराला लाइन आली.
मी चार्जर लावून झोपले.

सकाळी नाव पाहिली तर
शाफ्टजवळ तारेनं बांधलेला तंबाखूचा पत्र्याचा डबा,
आत मूठभर खडे.
खटका दाबला की तो असा खडखडायचा
की बगळे काठ सोडून उठायचे.
मी म्हटलं, अण्णा, ह्यानं शाफ्ट घासंल.
ते ऐकू न आल्यासारखं
शिडाची दोरी सोडत राहिले,
आणि ह्या वेळी खरंच ऐकू आलं नव्हतं का,
मला कळलं नाही.

डबा मी काढला नाही.
दोन खडे तेवढे कमी केले.